स्तन काढण्याआधीच प्लास्टिक सर्जनशी भेट व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीचा ऑक्टोबर महिना आला की गाठ कशी चाचपावी, मॅमोग्राफी कधी करावी यावर वर्तमानपत्रांत भरपूर छापून येते. कर्करोगामुळे स्तन काढल्यावर पुढे काय, यावर मात्र फारसे कोणी लिहीत नाही. स्तनाची पुनर्रचना (नवा स्तन घडवणे) करता आली असती हे अनेक बायकांना टाके निघाल्यावर कळते. ती नंतरही करता येते, पण तोवर स्तनाची मूळ कातडी गेलेली असते. गाठीची जागा सोयीची असेल तर कॅन्सर सर्जन आतली ग्रंथी काढून वरची कातडी राखू शकतात आणि त्याच भुलीत नवा स्तन घडवता येतो. त्यासाठी दोन्ही सर्जननी आधी एकत्र बसायला हवे.

दारावर ‘कॉस्मेटिक सर्जन’ अशी पाटी आहे म्हणून प्लास्टिक सर्जरीची पदवी असेलच असे नाही. एमबीबीएसनंतर जनरल सर्जरीची 3 वर्षे आणि त्यावर प्लास्टिक सर्जरीची 3 वर्षे (एमसीएच किंवा डीआरएनबी) असा हा रस्ता आहे. पदवी विचारण्यात संकोच नको. हीच शस्त्रक्रिया वर्षाला किती करता आणि रात्री दोन वाजता फ्लॅप (शरीराच्या दुसऱ्या भागातून आणून छातीवर बसवलेला भाग) कोण बघतो, हेही विचारा.

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा का, ते सांगतो. पोटाच्या फ्लॅपमध्ये बेंबीखालचा कातडी-चरबीचा पट्टा स्नायू न काढता, त्याच्या धमनी-शिरेसह उचलतात आणि छातीच्या हाडाशेजारच्या रक्तवाहिन्यांना जोडतात. या वाहिन्या जेमतेम 2-3 मिलिमीटरच्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने टाके घालावे लागतात. एका स्तनाला 6 ते 8 तास सहज जातात. पहिले 24 तास दर तासाला फ्लॅप बोटाने दाबून सोडायचा. रंग 2-3 सेकंदांत परत यायला हवा. निळसर दिसला आणि रंग झटकन परतला तर शीर तुंबली आहे. फिका, गार पडला आणि रंग परतेना तर धमनी बंद झाली आहे. सावळ्या कातडीवर हा फरक उशिरा लक्षात येतो, म्हणून जोडीला डॉप्लर (रक्तप्रवाह तपासणारे यंत्र) हवाच. काही तासांत पुन्हा टेबलावर घेतले तर फ्लॅप बहुधा वाचतो. सकाळच्या राउंडपर्यंत थांबले तर हातचा जातो.

इम्प्लांटची, म्हणजे आत कृत्रिम स्तन बसवण्याची, शस्त्रक्रिया त्यामानाने छोटी. आधी रिकामा एक्स्पांडर (फुगवता येणारी पिशवी) बसवतात, मग दर एक-दोन आठवड्यांनी 50 ते 100 मिली सलाइन भरत कातडी ताणतात आणि काही महिन्यांनी कायमचा इम्प्लांट घालतात. ‘कायमचा’ म्हटले तरी तो जन्मभर टिकेल याची खात्री नसते. आणि रेडिएशन झाले की त्याभोवतीचे आवरण घट्ट होऊन स्तन कडक, वेडावाकडा होण्याचा धोका बराच वाढतो. रेडिएशन लागणारच असेल, तर ते संपल्यावर निदान सहा महिने थांबून स्वतःच्या शरीराचा फ्लॅप घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. पाठीच्या स्नायूचा फ्लॅप भरवशाचा आहे आणि त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही, पण पाठीत पाणी साचते आणि कधीकधी काही आठवडे सुईने काढावे लागते. खांद्याची ताकदही थोडी उणावते. डोक्यावर पाटी उचलणाऱ्या बाईला हे आधीच कळायला हवे.

म्हणून पहिल्या भेटीत सर्जनने फोटो दाखवण्याआधी तिचे काम विचारावे. पोटाच्या फ्लॅपनंतर सहा आठवडे 5 किलोच्या वर उचलायचे नाही. पाण्याने भरलेली कळशी 10 किलोंच्या पुढे जाते. मग घरात पाणी कोण भरणार, हे शस्त्रक्रियेआधी ठरलेले हवे. ‘धूम्रपान करता का?’ या प्रश्नाला आपल्याकडच्या बायका नाहीच म्हणणार. ‘मिश्री लावता का?’ असे विचारा. तंबाखूतल्या निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेच्या कडा काळ्या पडतात. मिश्री निदान चार आठवडे आधी पूर्ण बंद हवी.

नव्या स्तनाला पूर्वीची संवेदना बहुधा येत नाही, हेही स्वच्छ सांगावे. स्तनाग्र नंतर, तीन-चार महिन्यांनी, जागा बधिर करून बनवतात आणि भोवतीचा रंग टॅटूने भरतात. हे सगळे ऐकून एखादी म्हणाली, ‘मला काहीच नको, ब्रामध्ये घालायचा सिलिकॉनचा पॅड पुरे’, तर तो तिचा पक्का निर्णय समजावा. तिचे मन वळवत बसू नये.

आता खर्चाचे. विमा कंपनी ‘कॉस्मेटिक’ म्हणून दावा नाकारते तेव्हा पॉलिसीतले एक्स्क्लुजन 08 काढून वाचा. कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी वगळणाऱ्या या कलमातच अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना अपवाद म्हणून लिहिलेली आहे. पूर्वमंजुरीच्या अर्जात डॉक्टरांनी ‘कर्करोगासाठी स्तन काढल्यानंतरची पुनर्रचना’ असेच शब्द घालावेत आणि बायोप्सीचा अहवाल जोडावा. नकार आला तर तो लेखी घ्या आणि आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा. 30 दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे अर्ज करा. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे त्यांची कार्यालये आहेत आणि अर्जाला शुल्क नाही.

आपला,
एक प्लास्टिक सर्जन, पुणे