स्टुटगार्टहून ईशाला

स्टुटगार्ट, रविवार

चि. ईशा हिस अनेक आशीर्वाद,

ताईचा फोन आला तेव्हाच कळलं, घरात काय चाललंय ते. पुण्याच्या मॉडेलिंगच्या ऑडिशनला तुझी निवड झाली म्हणून तू हवेत, आजी गप्प आणि तुझे बाबा पेपरात तोंड खुपसून. मी तुझ्या बाजूने आहे, हे आधी सांगते. जर्मनीत टीव्हीवरची ही ‘नेक्स्ट टॉप मॉडेल’ स्पर्धा एवढी कशी चालते आणि आपल्याकडची का बंद झाली, असं तू विचारलंस. माझी ड्यूटी आणि तुझं कॉलेज यात फोनवर धड बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसले.

मूळ कार्यक्रम अमेरिकेचा. तिथली मॉडेल टायरा बँक्सने २००३ मध्ये सुरू केला, २०१८ पर्यंत २४ पर्वं झाली. साचा सगळीकडे तोच: मुली एका घरात राहतात, दर आठवड्याला फोटोशूट आणि मग एकीची घरी पाठवणी. पण प्रत्येक देशाने तो साचा आपापल्या परीने वाकवला. टायराने एक अख्खं पर्व कमी उंचीच्या मुलींसाठी ठेवलं. २००८ मध्ये तिथे व्हिटनी थॉम्पसन जिंकली, भरल्या अंगाची पहिली विजेती. एरवी रॅम्पवर असल्या मुलींना कोण उभं करत होतं तेव्हा?

इथे हा कार्यक्रम २००६ पासून प्रोझीबेन वाहिनीवर आहे, इथली नावाजलेली मॉडेल हायडी क्लूम हिचा. गुरुवारी रात्री सव्वाआठला आमच्या वॉर्डातल्या नर्सेस एकीच्या घरी जमतात, मलाही ओढून नेतात. सगळ्यांत गाजतो तो केस बदलायचा भाग. हायडी ठरवते आणि मुलीची वर्षानुवर्षं वाढवलेली वेणी तिच्या डोळ्यांदेखत जाते. ती रडायला लागली की आमच्याकडे दोन तट. एक म्हणतो, नको होतं तर आलीस कशाला. दुसरा म्हणतो, केस तिचे आहेत, तुमचे नाहीत. मी दुसऱ्या तटात. एकदा आमची मुख्य सिस्टर हातातला पाव तसाच ठेवून तावातावाने माझ्याशी भांडली आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर तेच भांडण पुढे चालू. शेवटी हायडी एकेकीला समोर बोलावते. जिला फोटो मिळाला ती पुढे जाते, जिला ‘तुझ्यासाठी आज फोटो नाही’ म्हणाली तिने बॅग भरायची. ते वाक्य इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे.

मला आवडतं ते हे की दार हळूहळू मोठं होत गेलं. २०२१ मध्ये अॅलेक्स मारिया पेटर ही ट्रान्सजेंडर मुलगी जिंकली. पुढच्या वर्षी ६६ वर्षांच्या बाई स्पर्धेत होत्या, आणि त्याच पर्वात एक आई नि तिची मुलगी शेवटपर्यंत पोचल्या. मुलगी पहिली, आई दुसरी! २०२४ पासून मुलगेही आले. आजीला ६६ वर्षांच्या बाईंचं जरूर सांग, काय म्हणते ते कळव.

आपल्याकडे एमटीव्हीवर २०१५ ते २०१८ अशी चारच पर्वं झाली. सूत्रधार आधी लिसा हेडन होती, मग मलायका अरोरा. परीक्षकांत आपला मिलिंद सोमणही होता. मला विचारशील तर आपल्याकडे मॉडेलिंगकडे सिनेमाची पायरी म्हणूनच बघतात, आणि त्या पायरीसाठी मिस इंडिया आधीपासून होतीच. दुसऱ्या पर्वाची विजेती प्रणती राय प्रकाश पुढे अभिनयातच गेली. त्यात वाईट काही नाही, पण तुला खरंच रॅम्पच हवा असेल तर हे आधी ओळखून राहा.

ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये थेट प्रक्षेपणात चुकीच्या मुलीचं नाव जाहीर केलं, तिचं आभाराचं बोलणं झाल्यावर सांगितलं की जिंकली दुसरी. तेव्हाचा तिचा चेहरा मी पाहिलाय. तरी तिला पुढे पैसे तरी मिळाले. त्याहून महत्त्वाची गोष्ट हॉलंडची, आणि हे पत्र खरं तर तिच्यासाठीच लिहितेय.

तिथे २००८ मध्ये अनांदा मार्चिल्डन जिंकली. बक्षीस म्हणजे मॉडेलना काम देणाऱ्या एजन्सीबरोबर ७५ हजार युरोचा करार. पुढे एजन्सीने तिचं काम थांबवलं. कारण काय, तर नितंबांचं माप ९० सेंटीमीटर हवं, तिचं ९२ भरलं. दोन सेंटीमीटर, ईशा! मी रोज पेशंटची वजनं-मापं घेते. सकाळ-संध्याकाळच्या टेपमध्ये एवढा फरक सहज पडतो. ती गप्प बसली नाही, कोर्टात गेली, आणि २०१२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायाधीशांनी उरलेले ६५ हजार युरो तिला द्यायला लावले. टीव्हीवर कुठल्याही देशाने कितीही मोठं मन दाखवलं तरी पुढचं काम एजन्सीचं असतं, आणि तिथे टेप चालते.

म्हणून तुला दिलेला करार आहे त्या स्थितीत मला पाठव, सगळ्या पानांचे फोटो काढून. मापं कोणती लिहिलीत, ती बदलली तर काय, पैसे कधी, सोडायचं झालं तर दंड किती, हे मी वाचते आणि साताऱ्याच्या वकीलकाकांनाही दाखवू. त्यांचं उत्तर येईपर्यंत सही करू नकोस, कितीही घाई केली तरी. आणि जेवण सोडू नकोस. ताई म्हणाली, रात्री नुसतं ताक पितेस. बाबांशी मी बोलते.

आजीला नमस्कार, ताईला आठवण.

तुझी,
मावशी