शाडूचा रंग झाकू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, यंदा एक फुटी मूर्तींपैकी चार-पाच स्प्रेगनपासून बाजूला ठेवा. त्यांचं अंग ब्रशने, पातळ रंगात करायचं आहे, असं की शाडू खालून दिसत राहील. गनने एकसारखा अंगरंग मारला की सोंडेच्या वळणातली, हाताखालची सावली बुजते, आणि मग तीच सावली तपकिरी शेडिंगने परत आणावी लागते. मातीत ती आधीच असते.

हे सुचलं ते मूर्तीचा अर्धवट रंगवलेला हात बघताना. पातळ पिवडी, म्हणजे पिवळ्या मातीचा रंग, वाळलेल्या शाडूवर हिरवट दिसते, कारण खालचा करडा तिच्यातून डोकावतो. आपण तो बिघाड समजून वर दुसरा हात मारतो. पण इटलीतल्या सिएनाचा चित्रकार दुच्चो आणि चौदाव्या शतकातले तिकडचे चित्रकार चेहऱ्याखाली मुद्दाम हिरवी माती लावायचे, उजेडाच्या जागी वर गुलाबी चढवायचे आणि सावलीत हिरवा राहू द्यायचे. आज त्यांतले काही चेहरे फारच हिरवे वाटतात, ते वरचा गुलाबी झिजल्यामुळे. आपल्याला तो खालचा थर शाडूच देतो.

मूर्ती आतपर्यंत वाळलेली हवी. पावसात एक फुटीला दहा-बारा दिवस सहज लागतात, तेही सावलीत. उन्हात वरची कातडी आधी आकसते आणि तडे जातात. नुसत्या मातीच्या राबडीने बुजवलेला तडा वाळला की पुन्हा उघडतो, म्हणून राबडीत कागदाचा लगदा घाला. मग १८० आणि शेवटी ३२० नंबरचा पॉलिश पेपर.

त्यावर डिंकाचं पाणी, २०० मिलीला १० ग्रॅम डिंक, एकच हात. याहून दाट केलंत तर चकाकणारे डाग पडतात आणि सुकताना पापुद्रा मातीला ओढून उचलतो. रंगातही डिंकच. वाळलेल्या रंगावर बोट फिरवा. पूड हाताला लागली तर डिंक कमी, बारीक भेगा दिसल्या तर जास्त. दमट हवेत हा रंग लवकर बुरसतो, म्हणून एका दिवसापुरताच कालवा आणि वाटीत लवंगेच्या तेलाचा एक थेंब टाका. पूड चाळताना तोंडाला रुमाल बांधायचा, बाबा. खोकला असताना तर नक्कीच.

पहिला हात गेरूचा. घोटलेल्या गेरूच्या एका चमच्याला आठ चमचे पाणी, आणि तो फक्त गाल, कानाची आतली बाजू, बोटांची टोकं, गुडघे, पोटाचा फुगवटा एवढ्यावरच. पूर्ण वाळू द्या. मग पिवडी, थोडी व्हाइटिंग (खडूची पांढरी पूड) आणि चिमूटभर गेरू असा अंगरंग, तितकाच पातळ, सगळीकडे. गेरू असलेल्या जागी तो उबदार दिसेल. सोंडेखाली, काखेत, मांडी आणि पोटाच्या सांध्यात मात्र करडा-हिरवट राहील. तिथे दुसरा हात देऊ नका, मोह होतो तरी. आणि ब्रश घासू नका. डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो, दोनदा फिरवलं की खालचा गेरू उचलून चिखल होतो. एक फटकारा, पुढे सरकायचं.

हे काम खिडकीशीच करा. पिवळ्या बल्बखाली हिरवट छटा कळतच नाही आणि सकाळी मूर्ती वेगळीच दिसते.

मुकुट, पीतांबर नेहमीसारखा भरदार राहू दे, पण ॲक्रेलिक शक्यतो टाळा. त्याचा प्लास्टिकसारखा पडदा बनतो, बादलीत विसर्जन केलं की माती विरघळते आणि तो सालासारखा तरंगत राहतो. डिंकात कालवलेले मातीचे रंग गाळाबरोबर खाली बसतात.

आई, आखणी तुझीच. अंगरंग पातळ असल्यामुळे काळा जास्त उठून दिसेल, म्हणून पापणीची रेघ नेहमीपेक्षा बारीक घे, शून्य नंबरच्या ब्रशने. दोन्ही वरच्या पापण्या आधी, मग बुबुळं, वरच्या पापणीला किंचित टेकलेली. मूर्ती मखरात ठेवतात त्या उंचीवर ठेवून तू खाली बस, नजर जमिनीवर बसलेल्या माणसाला मिळायला हवी. मनगटाखाली आडवी पट्टी घे, खांदा भरून येणार नाही.

पहिल्या मूर्तीचा गेरू वाळला की अंगरंग देण्याआधी फोटो पाठवा. गालावर जास्त झाला असेल तर ओल्या स्पंजने तेवढ्यातच निघतो.

तुमची,
ताई