लंडनच्या तिकिटाचा हिशेब

नाशिक

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

मुंबई ते लंडन 7,200 किलोमीटर, विमानाचा वेग ताशी 900, म्हणजे आठ तास. मग तिकिटावर दहा कसे, असं तू विचारलंस. भागाकार बरोबर आहे. पण 7,200 हे गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. घरातल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघ. तो कराचीच्या बाजूने इराण, जॉर्जिया, काळा समुद्र, युक्रेन असा जातो. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून बंद, आणि 24 एप्रिल 2025 ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली. म्हणजे वळसा आलाच, आणि तो कंपनीगणिक वेगळा.

त्यात वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर तो पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोरात. समोरून ताशी 100 चा वारा असला तर जमिनीवरचा वेग 800 उरतो: नऊ तास. परतताना तोच पाठीशी, वेग 1,000: सव्वासात तास. शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतची असते. मुंबईत धावपट्टीसाठीची रांग आणि हीथ्रोवर उतरण्याआधीच्या घिरट्या त्यातच धरलेल्या.

तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक छापतात, त्यामुळे नुसती वजाबाकी करू नकोस. दुपारी 2 ला सुटून संध्याकाळी 6:30 ला पोहोचणारं विमान साडेचार नव्हे, दहा तास उडतं. हिवाळ्यात फरक साडेपाच तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तो साडेचार होतो.

दुबईमार्गे अंतर जेमतेम दोनशे किलोमीटरने वाढतं, वेळ मात्र मधल्या थांब्यात जातो. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घे. वेगळी तिकिटं काढलीस आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरं चुकल्याची जबाबदारी कोणी घेत नाही. नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्लीमार्गे जायचं ठरवलंस तरी हेच.

सगळ्यात जास्त चुकते ती तारीख. 15 तारखेच्या रात्री 2 चं विमान म्हणजे घरातून 14 लाच निघायचं. टर्मिनल 2 ला 11 पर्यंत पोहोचायला हवं. इगतपुरीला समृद्धी महामार्गावर चढलं की कसारा घाट टळतो आणि भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत गाडी सुसाट जाते, पण खरी अडचण त्यापुढे: भिवंडी ते ठाण्याचा माजिवडा. संध्याकाळी तिथे कंटेनरच्या रांगेत तास कसा जातो कळत नाही. म्हणून सहाला गाडी दारातून हललीच पाहिजे. जेवणाचा डबा बरोबर घेऊ, वाटेत हॉटेलात थांबायचं नाही.

तिकीट काढण्याआधी दोन्ही वेळा भारतीय घड्याळात मांडून मला पाठव.

तुझे बाबा