घारापुरीची वाट फक्त गेटवेवरूनच का? बंदरे मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मत्स्यव्यवसाय व बंदरे मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : घारापुरी लेण्यांसाठी उरणच्या बाजूने नियमित प्रवासी जलवाहतूक सुरू करण्याबाबत

महोदय,

घारापुरी बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात येते. जवाहरलाल नेहरू बंदरापासून ते जेमतेम दोन किलोमीटरवर आहे आणि गेटवे ऑफ इंडियापासून दहा-अकरा किलोमीटरवर. तरीही लेणी पाहायची असतील, तर पनवेलच्या, उरणच्या किंवा बेलापूरच्या माणसाने आधी कुलाबा गाठायचे, तिथे रांग लावायची आणि तासभर बोटीत बसून पुन्हा आपल्याच किनाऱ्याकडे यायचे, असा उलटा द्राविडी प्राणायाम वर्षानुवर्षे चालू आहे. उरण तालुक्यातील एक रहिवासी म्हणून, या प्रवासाचे नियोजन नव्याने करताना बेटाची पूर्वेकडची बाजूही विचारात घ्यावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गेटवेवरची परिस्थिती आपल्या खात्याला ठाऊक आहेच. सुट्टीच्या दिवशी धक्क्याला बोटी एकीला एक लागून उभ्या असतात, त्यामुळे बाहेरच्या बोटीत बसायचे तर आधी आतल्या बोटींमधून वाट काढावी लागते. ओहोटी असली की खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर शेवाळ साचलेले असते. नऊवारी नेसलेल्या आजीबाई एका हाताने ओचा सावरत, दुसरा हात खलाशाच्या हाती देऊन हलत्या फळीवर पाऊल टाकतात, तेव्हा मागची रांग श्वास रोखून उभी असते. व्हीलचेअरवरच्या माणसाचा तर प्रश्नच येत नाही, कारण तो या रांगेपर्यंत पोचतच नाही. १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेल्या स्थळाकडे जाण्याची ही रीत आहे.

यावर उपाय म्हणून रेडिओ क्लबजवळ सुमारे २२९ कोटी रुपये खर्चून नवी प्रवासी जेट्टी आणि टर्मिनल उभारण्याचे काम शासनाने हाती घेतले. कुलाब्यातील रहिवाशांनी त्याला हरकत घेतली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये न्यायालयाने अटी घालून काम पुढे नेण्यास मुभा दिली. तो वाद इथे उकरून काढण्याची माझी इच्छा नाही. चढण्या-उतरण्याची सोय सुधारत असेल, तर ती हवीच आहे. परंतु नवी जेट्टी गेटवेपासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे पोचणारा पर्यटक दक्षिण मुंबईच्या त्याच रस्त्यांवरून येणार आणि बोट तेच दहा-अकरा किलोमीटर कापणार. गर्दीची जागा थोडी सरकेल, तिची वाट बदलणार नाही.

दरम्यान पूर्वेकडचे चित्र पार बदलले आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उपनगरी रेल्वे खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत आली. न्हावा शेवा, द्रोणागिरी आणि उरण ही तिन्ही स्थानके बेटासमोरच्या किनारपट्टीवर आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. यापुढे जो पाहुणा या विमानतळावर उतरेल, त्याला इथून अगदी जवळ असलेली लेणी दाखवायला आधी कुलाब्याला न्यायचे काय? घारापुरीला वीज आली, ती २०१८ मध्ये, समुद्राच्या तळातून टाकलेल्या साडेसात किलोमीटरच्या केबलमधून आणि न्हाव्याच्या बाजूने. विजेला जवळची वाट सापडली. प्रवाशांनाही ती मिळावी.

ही वाट नवी नाही. बेटावरच्या शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन वस्त्यांचा व्यवहार पूर्वापार उरण-न्हाव्याशीच आहे. महाशिवरात्रीला आमच्याकडची मंडळी याच बाजूने होड्या करून लेण्यांतल्या शिवाच्या दर्शनाला जातात. वर्षातून एकदा जे जमते, ते नियमितपणे जमवण्यात अडचणी नाहीत, असे मी म्हणणार नाही. पहिली अडचण गाळाची. उरणच्या मोरा बंदरात (बेटावरचे मोराबंदर वेगळे) गाळ इतका साचतो की मोठ्या ओहोटीला भाऊच्या धक्क्याची लाँच तासन् तास बंद ठेवावी लागते आणि नोकरदार माणूस धक्क्यावर भरतीची वाट बघत बसतो. दुसरी अडचण सुरक्षेची. जवाहरलाल नेहरू बंदराच्या हद्दीतून सामान्य प्रवाशांची ने-आण करायची तर तपासणी आली, परवानग्या आल्या. म्हणूनच महाराष्ट्र सागरी मंडळ, जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण, रेल्वे आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांना एका टेबलाशी बसवण्याचे काम मंत्र्यांनाच करावे लागेल. एखाद्या विभागाने दुसऱ्याला पत्र पाठवून ते होणारे नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मोठा गाजावाजा करून सुरू झालेल्या वॉटर टॅक्सीचा अनुभव इथे उपयोगी पडावा. बेलापूरला जेट्टी बांधली गेली, पण भाडे ऐकूनच सामान्य माणूस मागे फिरला. चौघांच्या कुटुंबाला एका फेरीचे भाडे महिन्याच्या लोकल पासाहून कितीतरी जास्त पडणार असेल, तर बोटी रिकाम्याच धावणार. उरणच्या बाजूचे अंतर कमी आहे, म्हणजे इंधनही कमी लागेल आणि भाडे आवाक्यात ठेवता येईल. लोकल, स्थानकापासून धक्क्यापर्यंतची बस आणि बोट या तिन्हींना मिळून एकच तिकीट असावे. बोटींचे वेळापत्रक छापील घड्याळाऐवजी भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून ठरवावे आणि ते महिनाभर आधी स्थानकांवर लावावे. कोळी माणूस तिथीवरून पाण्याची वेळ सांगतो, ते गणित सरकारी वेळापत्रकाला अवघड जाऊ नये.

आता लेण्यांविषयी, कारण हा सारा खटाटोप शेवटी त्यांच्यासाठी आहे. मुख्य लेणे साधारण सहाव्या शतकातले, कातळात कोरलेले. आतली त्रिमुखी सदाशिवाची मूर्ती सुमारे वीस फूट उंच आहे. गेटवेच्या बोटी सकाळी नऊच्या सुमारास सुटू लागतात आणि परतीची शेवटची बोट संध्याकाळी लवकर निघते, त्यामुळे पायऱ्या चढून आलेला सगळा जमाव मधल्या काही तासांत एकाच मंडपात दाटतो. दुसरी वाट उघडताना पर्यटकांची संख्या दुप्पट करायची नाही, हे सुरुवातीलाच ठरवले पाहिजे. दिवसाला किती माणसे लेण्यांना आणि बेटाच्या तुटपुंज्या पाण्याला झेपतील, ते पुरातत्त्व विभागाने सांगावे आणि तेवढीच आसने गेटवे आणि उरण या दोन वाटांत वाटून द्यावीत. सकाळच्या पहिल्या फेऱ्या उरणकडून सोडल्या, तर गेटवेची गर्दी पोचण्याआधीच बरेच जण लेणी बघून परतीला लागलेले असतील. शिवडीहून समुद्रावरून सुमारे आठ किलोमीटरचा रोपवे नेण्याची जी कल्पना मधूनमधून डोके वर काढते, ती मला याच कारणासाठी पटत नाही. रोपवे परवडायचा तर माणसे अखंड ओतावी लागतात, आणि त्याची सुरुवात रोहित पक्ष्यांच्या दलदलीपासून होणार, हे वेगळेच.

गेटवेवरच्या बोटमालकांना या सूचनेने पोटावर पाय येईल असे वाटणे स्वाभाविक आहे. नव्या मार्गाचे परवाने देताना त्यांच्या संस्थांना आणि घारापुरी, न्हावा व मोरा येथील स्थानिक बोटवाल्यांना प्राधान्य द्यावे, बाहेरच्या एकाच ठेकेदाराच्या घशात सारे घालू नये. सुरक्षेत मात्र कोणालाही सूट नको. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि डझनाहून अधिक माणसांचा जीव गेला. त्यानंतर जीवरक्षक जॅकेटांची सक्ती झाली. उरणची बाजू तर मालवाहू जहाजांच्या वर्दळीची आहे, तेव्हा प्रवासी बोटींसाठी स्वतंत्र मार्गिका आखून ती बोयांनी दाखवल्याशिवाय एकही फेरी सोडू नये.

आपणास विनंती आहे की, येत्या नारळी पौर्णिमेनंतर, समुद्र शांत झाल्यावर, एका हंगामापुरता हा मार्ग प्रायोगिक तत्त्वावर चालवावा. लेणी सोमवारी बंद असतात, तो दिवस बोटींच्या देखभालीला मिळेल. हंगाम संपल्यावर प्रवासी किती आले, ओहोटीमुळे किती फेऱ्या रद्द झाल्या आणि खर्च किती झाला, हे आकडे जाहीर करावेत. त्याआधी मोऱ्याचा गाळ काढण्याचे काम कोणत्या तारखेला सुरू होणार, एवढे तरी उरणकरांना लेखी कळवावे.

आपला नम्र,
उरण तालुक्यातील एक रहिवासी