पलीकडच्या आजींना

प्रिय आजी,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, तरी पत्र मराठीतच लिहितेय. माझी लेक तुम्हाला ते स्पॅनिशमधून वाचून दाखवेल. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते आमच्या माणसांनाही कळू दे.

आमच्या दिवाळी अंकासाठी मी विमान वाहतुकीवर लेख लिहीत होते. २८ ऑक्टोबर १९२७ ला पॅन अ‍ॅम या अमेरिकी विमान कंपनीचं फोकर विमान अमेरिकेतल्या की वेस्टहून टपाल घेऊन क्यूबातल्या हवानाला गेलं, तिथून सुरुवात केली होती. पुढे लोकांना क्यूबा सोडून अमेरिकेत येऊ देणारा, दोन्ही देशांमधला १९६५ चा करार, स्वित्झर्लंडच्या दूतावासाची मध्यस्थी, १ डिसेंबरपासून क्यूबातल्या वाराडेरोहून अमेरिकेतल्या मायामीला रोज दोन विमानं, आठवड्यातले पाच दिवस, ती थेट एप्रिल १९७३ पर्यंत. अडीच लाखांहून जास्त माणसं त्यातून आली. सगळं होतं, पण लेखात जीव नव्हता. आणि त्यातल्याच एका विमानानं आलेल्या तुम्ही माझ्या भिंतीपलीकडे राहत होता!

महिनाभर रोज संध्याकाळी तुम्ही मला बसवून घेतलंत. पहिल्या चार थेंब कॉफीत साखर घोटून फेस काढायचा, मग बाकीची कॉफी ओतायची आणि मगच बोलायला सुरुवात. देश सोडायचा अर्ज केल्याबरोबर वडिलांची नोकरी गेली, त्यांना शेतावर राबायला पाठवलं. सरकारी माणूस घरात येऊन पलंग, पंखा, पातेली, पेले, सगळ्याची यादी करून गेला. निघायच्या दिवशी यादीतली एकही वस्तू कमी भरून चालणार नव्हतं. आणि आदल्याच आठवड्यात तुमच्या भावाच्या हातून एक पेला फुटलेला. आईनं शेजारणीकडून तसाच पेला मागून आणला, फळीवर मांडला आणि मोजणी होईपर्यंत तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

भाऊ लष्करी वयाचा, म्हणून त्याला सोडलं नाही. तो मावशीकडे राहिला. हे सांगताना तुम्ही कप विसळायला उठलात आणि बराच वेळ नळ चालू होता. मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्हीच पुढचं सांगितलंत: मायामीतला तो उंच मनोरा, ज्याला तुम्ही सगळे ‘एल रेफुहिओ’, म्हणजे आसरा, म्हणता, तिथली रांग, दुधाची पावडर, चीजचा ठोकळा.

मी लिहिलं होतं, ‘प्रवास तासाभराचा.’ तुम्ही म्हणालात, दोन वर्षं लिही, आम्ही अर्ज केला तेव्हापासून मोज. मी तसंच लिहिलं. आता लेखाची सुरुवात त्या पेल्यापासून आहे, फोकर दुसऱ्या पानावर गेलं.

आजी, जे पोटच्या मुलांनाही नीट सांगितलं नव्हतंत, ते तुम्ही मला दिलंत. हे ऋण फिटणारं नाही. अंक आला की शंकरपाळ्यांचा डबा घेऊन येते. भावाचं नाव तुमच्या सांगण्यावरून गाळलंय.

तुमची,
अलीकडची शेजारीण