मा. वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांस खुले पत्र : माझ्या मुलीचे कागद गहाण आहेत

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सादर नमस्कार.

पत्र लिहायचं कारण गेल्या गुरुवारचं. मुलीला घेऊन पुन्हा एकदा तिच्या नर्सिंग कॉलेजच्या ऑफिसात गेलो होतो. जीएनएमची, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाची, तीन वर्षं संपली, निकाल लागला, पोरगी फर्स्ट क्लासमध्ये पास झाली. आता तिच्या दहावी-बारावीच्या मूळ मार्कलिस्टा आणि दाखला परत हवा होता. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाल्याशिवाय तिला नर्स म्हणून कुठे लागता येत नाही, हे आपणांस माहीत आहेच. क्लार्कने मान वर न करता सांगितलं, "बाँड आहे. एक वर्ष आमच्याच हॉस्पिटलला ड्यूटी करा, नाहीतर 75 हजार भरा आणि कागद न्या." बाँडवर सही माझीच आहे. प्रवेशाच्या दिवशी मागे लांब रांग होती, दाखवाल तिथे सही करत गेलो. त्या गठ्ठ्यातला हा कागद कुठला होता, देव जाणे.

मूळ कागद अडवून ठेवू नका, सक्तीचा बाँड घेऊ नका, असं भारतीय परिचर्या परिषदेने कॉलेजांना कधीच बजावलं आहे. क्लार्कला हे सांगितलं तर तो हसला. एका सरकारी कार्यालयात याआधीच लेखी तक्रार दिली होती. तिथले साहेब "पंधरा दिवसांत बघतो" म्हणाले. त्याला आता तीन महिने झाले. मध्ये एका सरकारी भरतीची तारीख निघून गेली.

आपण कामात असता. कागद परत मिळवून द्या, एवढंच मागायचं ठरवून बसलो होतो. पण पेन हातात घेतलं आणि सगळंच वर आलं.

मी एसटीत वाहक आहे. सव्वीस वर्षं झाली. एखाद्या प्रवाशाचे पैसे घेऊन तिकीट द्यायचं राहिलं आणि पुढच्या थांब्याला तपासणी पथक चढलं, तर दहा रुपयांपायी माझी चौकशी लागते. या कॉलेजने तीन वर्षांत माझ्याकडून तीन लाखांच्या वर घेतले. पावत्या जोडून पाहिल्या तर एक लाख नव्वद हजार भरतात. बाकीचे कसले? तर डेव्हलपमेंट, युनिफॉर्म, क्लिनिकल चार्जेस. या गाडीत तुमचं पथक कधी चढतं, साहेब?

चढतं, चढतं. त्याला इन्स्पेक्शन म्हणतात. नियमाने नर्सिंग स्कूलला स्वतःचं 100 खाटांचं रुग्णालय लागतं आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण. मुलीच्या हॉस्पिटलात एरवी तीस-पस्तीस पेशंट असायचे. इन्स्पेक्शनच्या दिवशी मात्र हाऊसफुल्ल! आजूबाजूच्या गावांतून टेम्पोने माणसं आणली, कुणाच्या हाताला पट्टी, कुणाच्या पायाला प्लास्टर, सगळ्यांच्या उशाला केसपेपर. मुलींना त्यांचे ताप-नाडी-श्वासाचे टीपीआर चार्ट भरायला लावले. एका म्हातारीला खरंच ताप निघाला. मुलीने सिस्टर इनचार्जना सांगितलं तर उत्तर आलं, "चार्टवर नॉर्मल लिही." तिला संध्याकाळी त्याच टेम्पोतून परत पाठवलं. नर्सिंग शिकायला गेलेली माझी पोर पहिल्या वर्षी हे शिकली.

मध्य प्रदेशात हायकोर्टाने नर्सिंग कॉलेजांमागे सीबीआय लावली. 2024 साली 66 कॉलेजांची मान्यता काढली. आणि तपासाला गेलेल्यांतलेच सीबीआयचे लोक लाचेच्या प्रकरणात अटक झाले. तिकडचं निदान बाहेर आलं म्हणायचं.

तिसऱ्या वर्षी इंटर्नशिपच्या नावाखाली मुली नाईटला एकट्या. तीस पेशंट, एक शिकाऊ मुलगी, आणि स्टाफ नर्स फक्त रजिस्टरवर. सलाईन हिने लावायचं, नातेवाइकांच्या शिव्या हिने खायच्या, सकाळी लेक्चरला डुलक्या काढल्या तर दंड शंभर रुपये. आता हेच काम आणखी वर्षभर करा म्हणतात, सहा हजारांत. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निर्देशावरून बसलेल्या समितीने सांगितलं होतं की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही नर्सला वीस हजारांच्या खाली पगार नको. वीस हजार! आमच्या भागात हे कुणाला सांगितलं तर लोक मलाच ताप आहे का बघतील.

ही मुलगी नर्सिंगला का गेली, तेही ऐका. 2021च्या एप्रिलमध्ये मी सोळा दिवस कोविड वॉर्डात होतो. घरचं कुणी जवळ येऊ शकत नव्हतं. रात्री एक सिस्टर पीपीई किटमधूनच हात धरून म्हणायची, "काका, पालथे झोपा, अजून थोडा वेळ." मी वाचलो, घरी आलो आणि ते सांगितलं. पोरीने तिथेच ठरवलं. मग प्रवेश झाला नि आमचा संप लागला. दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत घरात पगाराचा रुपया नाही. बायकोचे डोरले गेले, पीएफमधून काढले, मेहुण्याकडे हात पसरला. हप्ता एक दिवस चुकला नाही.

आणि 2024च्या जुलैत तुम्ही जाहीर केलं की आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षण मोफत. पेढे वाटायचे बाकी होते. कॉलेजात गेलो तर कळलं, आमची मुलगी संस्थेच्या कोट्यातली, तिला नाही. तो कोटा कुणी ठरवला? मी तर म्हटलं होतं, नंबर लागेल तिथे घाला.

चुलतभावाच्या मुलीचं वेगळंच. तिने 'मेडिकल अँड लीगल ऑफिस असिस्टंट' असा एक वर्षाचा डिप्लोमा केला, पन्नास हजार देऊन. बोर्डावर मोठ्या अक्षरात 'सरकारमान्य' आणि '100 टक्के नोकरी'. चौकशी केली तर सरकारमान्य म्हणजे शॉप अ‍ॅक्टचं लायसन्स! डॉक्टरकडे रिसेप्शनला तो डिप्लोमा लागत नाही. जिल्हा न्यायालयात लिपिकाला पदवी आणि इंग्रजी 40, मराठी 30 गतीचं टायपिंगचं सर्टिफिकेट मागतात, आणि टायपिंग तेवढं त्यांनी शिकवलं नव्हतं. असले बोर्ड उतरवायचं काम कोणत्या खात्याचं, हे विचारायला मी तीन खात्यांत फिरलो. प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव सांगितलं.

येत्या 12 मे रोजी परिचारिका दिन. तुमच्या फोटोसह शुभेच्छांचे फ्लेक्स लागतील, मेणबत्त्या पेटतील. ज्या नाइटिंगेलबाईंच्या नावाने हे चालतं, त्यांनी क्रिमियाच्या युद्धात किती सैनिक जखमांनी मेले आणि किती घाणीने, याचे आकडे मांडून सरकारचं तोंड बंद केलं होतं. तुम्हीही एक आकडा मांडा. राज्यात किती पास झालेल्या मुलींचे मूळ कागद कॉलेजांच्या कपाटात आहेत? जगात 59 लाख नर्स कमी आहेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितलं. त्यातली एक सध्या आमच्या नाक्यावरच्या मेडिकलमध्ये काउंटरला उभी असते, दिवसाला अडीचशे रुपयांवर.

सोमवारी पुन्हा कॉलेजात जातोय. रजा शिल्लक नाही, बिनपगारी टाकली आहे. त्याआधी आपल्या खात्यातून एक फोन गेला तर बरं होईल. कॉलेजचं नाव इथे छापत नाही, कागद अजून त्यांच्याकडे आहेत. तक्रारीत सगळं लिहिलेलं आहे.

आपला,
एक एसटी वाहक

ता. क. : त्या तक्रारीची पोच मात्र वेळेवर आली. विषयाच्या जागी 'वसतिगृहातील पाणीपुरवठा' असं लिहिलं आहे.