आईच्या टाचेवरचं कुरूप : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : घरोघरच्या तपासणीत त्वचेच्या कर्करोगाची नोंद घेण्याबाबत

महोदय, स. न. वि. वि.

माझी आई मराठवाड्यातल्या एका लहान गावात राहते. उभा जन्म दुसऱ्यांच्या रानात खुरपायला गेली. तीन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या टाचेच्या कडेला एक काळपट ठिपका दिसायला लागला. काटा मोडला असेल, म्हणाली. मग तो कडक झाला, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी त्याला कुरूप ठरवलं आणि मेडिकलमधून कुरपाची पट्टी आणली. पट्टीनं वरची कातडी पांढरी पडून निघाली, खालचं काळं तसंच राहिलं. पुढे कुणीतरी ते ब्लेडनं तासून दिलं. त्या दिवशी जी जखम झाली ती भरलीच नाही.

याच काळात कुष्ठरोग शोधमोहिमेत आमच्या आशाताई घरी आल्या. त्यांनी आईचा पाय उंबऱ्याजवळ उजेडात घेतला, पेनाच्या टोकानं ठिकठिकाणी टोचून पाहिलं.

"कळतंय का मावशी?"

"कळतंय की. ठणकतंय बी."

संवेदना आहे, म्हणजे कुष्ठरोगाची मुख्य खूण नाही. ताईंनी 'नाही' अशी खूण केली आणि दवाखान्यात दाखवा, असं सांगून पुढच्या घरी गेल्या. यात त्यांचं काहीही चुकलं नाही. जे शिकवलं होतं ते त्यांनी नीट केलं. पण हातात धरलेली ती जखम लिहायला त्यांच्या कागदावर जागा नव्हती, आणि हे पत्र मी त्या एका जागेसाठी लिहितो आहे.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म आशाताई भरतात, त्यात तोंडातली दोन आठवड्यांत न भरणारी जखम विचारली जाते, स्तनातली गाठ विचारली जाते. तळहात-तळपायावर पुन्हा पुन्हा होणारी जखम आणि कातडीवरच्या गाठीसुद्धा विचारल्या जातात, पण त्या कुष्ठरोगासाठी. म्हणजे ताई पायापर्यंत पोचलेल्याच आहेत. फक्त कुष्ठरोग नाही असं ठरलं, की तो पाय सोडून दिला जातो.

त्यानंतर दवाखाना झाला. शुगर तपासली, नॉर्मल आली. तरी अडीच महिने 'ड्रेसिंग करून जा' एवढंच चाललं. शेवटी तिथे नव्यानं आलेल्या एका तरुण त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी भिंग लावून पाहिलं आणि तुकडा काढायचा म्हणाल्या. ओपीडीच्या त्या बाकावर आईनं माझा हात घट्ट धरला होता. हत्यार लागलं की कॅन्सर अंगभर पसरतो, असं तिनं लहानपणापासून ऐकलेलं. प्रत्यक्षात काय झालं? एक भुलीचं इंजेक्शन, ते चांगलंच झोंबलं. मग तीन-चार मिलिमीटरचं गोल पातं फिरवून कातडीचा इवलासा तुकडा, एक टाका. सगळं मिळून दहा मिनिटं. तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही, आणि तुकड्याशिवाय तो कुठला आहे हे कळत नाही. हे जर कुणी आधी समजावून सांगितलं असतं तर ती आदली रात्र जागून काढली नसती.

तो तुकडा प्लॅस्टिकच्या छोट्या बाटलीत घालून माझ्या हातात दिला. झाकणाला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर पेनानं आईचं नाव. ती बाटली घेऊन मी एसटीनं साडेतीन तास शहरातल्या लॅबला गेलो. खड्ड्यात गाडी आदळली की झाकण दाबून धरायचो, बोटांना तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनचा उग्र वास. बाटली सांडली असती, हरवली असती, तर आईचं निदान तिथंच संपलं असतं. क्षयरोगाच्या थुंकीचे नमुने सरकार स्वतः नेतं. कर्करोगाचा संशय असलेला तुकडा नातेवाइकाच्या मांडीवरून का जावा, महोदय? रिपोर्टसाठी मी त्याच गाडीनं आणखी दोनदा गेलो. तो पूर्ण इंग्रजीत होता. मॅलिग्नंट मेलॅनोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग, जाडी ४ मिलिमीटरच्या वर.

ही जाडी म्हणजे कातडीत तो किती खोल उतरलाय त्याचं माप. १ मिलिमीटरच्या आत सापडला तर भोवतालची एक सेंटिमीटर कातडी घेऊन काढतात आणि बहुतेक माणसं बरी होतात. जसजसा खोल जातो तसतशी शस्त्रक्रिया मोठी होते आणि भरवसा कमी होतो. कुरपाची पट्टी, ब्लेड आणि अडीच महिन्यांचं ड्रेसिंग या काळात आईच्या पायात हेच चाललं होतं.

ऑपरेशन मुंबईत झालं, योजनेतून झालं, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना नसती तर आम्हाला आमचं घर विकावं लागलं असतं. निदान होईपर्यंतचा खर्च, प्रवास आणि बुडालेली मजुरी मात्र आमच्याच पदरची. टाचेवरच्या जखमेभोवतीची दोन सेंटिमीटर कातडी काढली. पायात निळं औषध टोचून ते जांघेतल्या ज्या गाठीत आधी पोचतं, ती गाठ काढून कॅन्सर तिथवर गेलाय का ते तपासलं. दुसऱ्या दिवशी आईला हिरवी-निळी लघवी झाली. बाई इतकी भेदरली की मला हाक मारायलासुद्धा तिच्या तोंडून शब्द फुटेना. औषधाचा रंग असतो, एक-दोन दिवसांत जातो, असं सिस्टरनं नंतर सांगितलं. आधी सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

टाचेवर मांडीची पातळ कातडी लावली. ती पट्टी पाचव्या दिवशी उघडली, पण दुखलं टाचेपेक्षा मांडीचं जास्त, कारण तिथलं वरचं साल सोलून घेतलेलं असतं. पाय कित्येक आठवडे जमिनीला टेकवायचा नाही. भरल्यावर खोबरेल तेल लावून ती कातडी मऊ ठेवायची. जांघेतल्या गाठीत कॅन्सरच्या पेशी सापडल्या, त्यामुळे पुढचे उपचार अजून चालू आहेत. दर तीन महिन्यांनी जावं लागतं.

आपल्याकडे त्वचेचा कर्करोग कमी, हे मलाही मान्य आहे. गोऱ्या लोकांच्या देशांत तो पुष्कळ, म्हणून माहितीपत्रकांत उन्हाचं मलम आणि पाठीवरचा तीळ. आमच्या माणसांचा मेलॅनोमा पाठीवर क्वचितच असतो. तळपायावर, तळहातावर, अंगठ्याच्या नखाखाली काळी रेघ बनून येतो, जिथे ऊन पोचतच नाही. त्वचेच्या कर्करोगाचा दुसरा एक प्रकार जुन्या व्रणांत उठतो. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या बायका, कुष्ठरोगातून बरे झालेले पण पायाला वर्षानुवर्षं क्षत असलेले लोक, यांच्या जखमेची कड एक दिवस उलटून फुलकोबीसारखी वाढते. कमरेच्या नाडीनं घासून घासूनही तो होतो. २०२४ साली 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या नियतकालिकात वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी अशा दोन वयस्क स्त्रियांची नोंद छापली. कमरेला आवळून नेसलेलं लुगडं कोणत्या घरात नाही?

तपासणीचा फॉर्म केंद्राचा आहे, हे मला ठाऊक आहे. पण राज्याच्या मोहिमेच्या नोंदवहीत एक ओळ वाढवायला दिल्लीला विचारावं लागू नये. सहा आठवड्यांत न भरलेली जखम, जुन्या व्रणावर नवी वाढ, तळपायावर किंवा नखाखाली वाढणारा काळा डाग, असं काही आढळलं की थेट तुकडा तपासणीची चिठ्ठी द्यावी. आशाताईंना सावळ्या कातडीवरचे फोटो दाखवून शिकवावं. तुकडा काढण्याची सोय उपजिल्हा रुग्णालयात असावी. त्याला लागतं एक पातं, एक इंजेक्शन आणि शिकलेला हात. नमुना रुग्णालयानंच पाठवावा आणि रिपोर्ट तिथेच यावा. आणि रुग्णाच्या हातात एक मराठी कागद द्यावा : सुई कुठे टोचणार, टाका कधी निघणार, लघवीचा रंग का बदलणार, पाय किती दिवस टेकवायचा नाही. शिक्षण नसलेल्यांना तो वाचून दाखवावा.

गेल्या महिन्यात त्याच आशाताई आल्या होत्या. आता त्या गल्लीत प्रत्येकाचा तळपाय उलटा करून बघतात. शेजारच्या आजोबांच्या पोटरीवर लहानपणी भाजल्याचा व्रण आहे, त्यावर दोन महिन्यांपासून एक फोड आहे. ताई मला तिथे घेऊन गेल्या आणि वही उघडून म्हणाल्या, "दादा, हे कुठल्या रकान्यात लिहू?"

आजोबांना मी सोमवारी जिल्ह्याच्या रुग्णालयात घेऊन जातो आहे. ताईंना काय उत्तर देऊ, ते आपण कळवावं.

आपला विश्वासू,
एका खुरपणाऱ्या बाईचा मुलगा